पिवळी

ब्रेंट पुरता चक्रावला होता. बोटाएवढी ती बुटक्या सिक्लिड माशाची मादी वर्षभर गरीब गायीसारखी राहिली आणि आता आठवडाभर पिवळीधमक होऊन टाकीतल्या सगळ्यांच्या अंगावर धावून जात होती. नराची शेपटी तर तिने कुरतडून टाकली होती. मिल्वॉकीच्या मत्स्यक्लबातल्या लोइसबाई घरी आल्या, तेव्हा क्लबच्या रविवारच्या लिलावात तिला विकायला न्यायची पिशवी त्याच्या हातातच होती.

"पिल्लं राखत असेल रे," लोइसबाई म्हणाल्या.

"कसली पिल्लं? अंड्यांना बुरशी लागली, सगळी गेली. मग ही राखतेय काय, कपाळ?"

लोइसबाईंनी पानांच्या जाळीत टॉर्च मारला. सकाळी खायला सोडलेल्या पाणपिसवांचा पुंजका तिथे तरंगत होता आणि मादी त्याच्याभोवती घिरट्या घालत होती. एक पिसू भरकटली, तशी तिने तिला हळूच वळवून आत आणलं. खाल्लं एकीलाही नाही.

"हीच आता तिची पिल्लं. करतात असं या माद्या कधीकधी. नराला दुसरीकडे हलव, हिला हात लावू नकोस."

"पण असं किती दिवस?"

"ते तिचं तिला ठरवू दे की!"

त्या गेल्यावर ब्रेंटने पिशवी चुरगाळून खिशात कोंबली. मग बायकोला, कॅरिसाला, ऐकू जाऊ नये म्हणून अंगणात जाऊन त्याने बहिणीला फोन लावला.

"मिशेल, पाळणा न्यायला येऊ नकोस. हो, काल कॅरिसा त्यावरून तुझ्यावर उगाच उखडली. हो गं, त्यात आता कुणी झोपणार नाहीये, ठाऊक आहे मला. तरी राहू दे."