मांजराचे कान

आजी ठार बहिरी, हे फक्त मांडीवरच्या मांजराला ठाऊक. नदी फुगत होती. पूरखात्याचा साहेब काठावरच्या म्हाताऱ्यांना तपासत फिरत होता; इशाऱ्याची शिट्टी न ऐकणाऱ्याची रवानगी थेट वृद्धाश्रमात! त्याने पाठीमागून शिट्टी फुंकली. आजीच्या हाताखाली मांजराचे कान ताठ झाले. "कान फाडशील, मेल्या!" आजी कडाडली. साहेबाने ते ताठ कान हेरले. मांजर उचलून तो मागे गेला. रिकाम्या मांडीवर आजीची बोटं चुळबुळू लागली. वाजली, की वाजायचीय? "ऐकली, ऐकली!" तो समोर आला, शिट्टी खिशातच होती. "पुरात मांजर आधी पळेल, आजी!" ओठ वाचून ती म्हणाली, "पळू दे की! मांडी रिकामी झाली की उठेनच." हसत त्याने मांजर मांडीवर सोडलं. ते थेट जिन्यावर पळालं. आजी उठली. साहेब हसतच राहिला, बूट ओले होईपर्यंत.