येकटो

व्याह्यांच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. लाल पेनने चुका मात्र दुरुस्त केल्या. देवबागच्या त्या होडीवाल्याने लिहिलं होतं, “नातीच्या ऑपरेशनाक येवा. पोरांका धीर देतंय, पण मी येकटो पडलंय.” मी ‘येकटो’ खोडून ‘एकटा’ केलं. ऑपरेशनच्या दिवशी गोष्टींचं पुस्तक घेऊन हॉस्पिटलात पोचलो. पाच वर्षांच्या रसिकाने ते उघडूही दिलं नाही. “माका होडीवालो आजोच व्हयो!” व्याही स्ट्रेचरला झोका देत म्हणाले, “चल गो बाय, होडी सुटली!” ती हसत आत गेली आणि मी जळत राहिलो. दार बंद होताच ते माझ्याशेजारी मटकन बसले. “मास्तर, माका भंय वाटता. कायतरी वाचा.” ती शुद्धीवर येईपर्यंत मी वाचत होतो. समोर बोलणं मला जमत नाही. घरी येऊन उत्तर पोस्टात टाकलं: “मी पण येकटोच.”