खांबापाशीचा हंडा

शालनची धाकटी नणंद इंदू लग्न होऊन देहूला गेली, ते साल एकोणीसशे सत्तावन्न. त्याच साली चिंचवड गावठाणातल्या त्या घरात विजेचा दिवा आला. आणि दिवा आला त्याच दिवशी शालननं पाण्याचा हंडा उचलून दिव्याखाली ठेवला.

हंडा खांबापाशी असायचा. का, तर तो तिथंच असतो. लग्न होऊन आल्यापासून असल्या नियमांनी शालनच्या नाकी नऊ आले होते. चपला उंबऱ्याबाहेर डाव्या हातालाच काढायच्या. मीठ हातावर द्यायचं नाही, ताटाच्या डाव्या कडेला ठेवायचं. वाटेत पाट टाकायचा नाही. घरात मुक्यानं वावरायचं नाही, बांगड्या वाजल्या पाहिजेत. का म्हणून विचारलं की सासू अंबुबाई म्हणायच्या, "लक्ष्मी रुसती." आणि नवरा ज्योतीराम, पिंपरीच्या कारखान्यातून दमून आलेला, भाकरी मोडत म्हणायचा, "आपल्यात पहिल्यापासून असंच हाय."

पहिल्यापासून म्हणे! शालनला चांगलं आठवत होतं. ती नवी होती तेव्हा हे सगळं दिवेलागणीनंतरचं होतं. दिवसा पाट कुठंही टाका, कुणी बोलत नव्हतं. यंदा नियम सरकत सरकत भर दुपारी येऊन बसले होते.

"तुमची लक्ष्मी आताशा लवकर रुसाया लागलीय, आत्याबाई," ती एकदा फणकारली होती. अंबुबाई चुलीकडे तोंड करून भाकरी थापत राहिल्या होत्या.

म्हणून तिनं हंडा हलवला. बघू तरी, कोण रुसतंय.

सांजेला अंबुबाई परसातून आल्या. सवयीनं खांबाकडे गेल्या, वाकल्या, हात रिकाम्या जागेत फिरवला. मग वळल्या आणि चार पावलांवर हंड्याला ठेचकाळल्या. हंडा आडवा झाला. सगळं घर पाणी पाणी झालं.

"अवो, एवढा लख्ख दिवा लावलाय!" शालन ओरडली. "दिसत न्हाई का?"

अंबुबाई पाण्यातच बसल्या होत्या. त्यांनी तोंड वर केलं. दिव्याचा उजेड सरळ त्यांच्या चेहऱ्यावर पडला होता.

"लावलाय व्हय?" त्या म्हणाल्या.

बांगड्या मुठीत धरून, आवाज न करता, शालननं सासूच्या डोळ्यांपुढून हात फिरवला. पापणी हलली नाही.

"इंदू होती तवर तिनं निभावलं. ज्योतीला सांगू नगं गं," अंबुबाई हळूच म्हणाल्या. "माझ्या सासूचं डोळं गेलं, तवा तिला चुलीपासनं उठवून पडवीत बसवली. मरेस्तवर तिचं ताट बाहेर जायचं."

"आन् मला एवढं छळलंत ते? सरळ सांगायला काय झालं होतं?"

"आंधळीचं कोण ऐकतंय, बाई? लक्ष्मीचं ऐकत्यात."

शालनला अजून राग आलेला होता. रागातच तिनं घर पुसलं, आडावरून पाणी आणलं आणि हंडा आदळून ठेवला. खांबापाशी.

ज्योतीराम आला. "अगं, हंडा दिव्याखाली बरा दिसेल की."

"आपल्यात तो खांबापाशीच असतो," शालन खेकसली. "आन् आजपासनं पिठाचा डबा चुलीच्या उजव्या अंगाला. कुणी हलवायचा न्हाई."

शेजारच्या विमलबाई ताक मागायला आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "ते कशापायी गं?"

"लक्ष्मी रुसते."

विमलबाईंनी मान डोलावली आणि घरी जाऊन आपल्या सुनेला डबा हलवायला लावला. वर्ष सरेतो आळीत निम्म्या घरांतले डबे चुलीच्या उजव्या अंगाला गेले होते, आणि निम्म्या सुना वैतागल्या होत्या.

एकोणसाठ सालच्या पौषात, सकाळच्या भाकरी थापून झाल्यावर, अंबुबाई चुलीपाशीच वारल्या.