दोन बोटं कापड

डोरथीनं कोट खिडकीकडे धरला आणि तिला काखेपासून खालपर्यंत गेलेली गडद लाल पट्टी दिसली. दोन्ही बाजूंना एकसारखी. बाकीचा कोट उन्हानं फिका पडून कौलाच्या रंगाचा झाला होता.

पट्टी कुठून आली, हे तिला कुणी सांगायला नको होतं. हायस्कूलच्या बँडचे सगळे कोट तिनंच शिवले होते. पोरं वाढतात म्हणून अंगाच्या शिवणीत आत दोन बोटं जादा कापडाची माया ठेवली होती. बाह्यांना मात्र ठेवता आली नव्हती, कापडच पुरलं नव्हतं. पावसाळ्यात कोटांना बुरशी धरते, म्हणून दर ऑक्टोबरात ते पटांगणात दिवसच्या दिवस उन्हात घालावे लागत. त्यात बाहेरचं कापड विटलं आणि आत दुमडलेलं होतं तसंच राहिलं. आता कुणीतरी शिवण उसवून ते बाहेर काढलं होतं.

कुणी, तेही उघड होतं. बँडच्या पालकांनी कामं वाटून घेतली होती. प्लासिद आपल्या टेम्पोतून ढोल न्यायचा-आणायचा, डोरथी मापं आणि शिवण बघायची आणि सुगंधा पितळी बटणं घासायला कोट घरी न्यायची. खाऱ्या वाऱ्यानं ती काळी पडायला वेळ लागत नाही. यंदा तिनं आमसुलं लावून बटणं अशी लखलखीत केली होती, की बघणाऱ्याची नजर तिथंच अडकावी. सुगंधा तशी हुशारच.

कोट मोजके आणि पोरं जास्त. त्यामुळे बँडात कोण, हे वाजवण्यावर कमी आणि अंगावर जास्त ठरायचं. नियम डोरथीनंच घातलेला: श्वास न धरता सगळी बटणं लागली तर कोट तुझा, नाही तर पुढच्याचा. हा कोट झांजा वाजवणाऱ्याचा. गेल्या वर्षी तो सुगंधाच्या लेकीनं, गौरजानं घातला होता, पण यंदाच्या पावसाळ्यात गौरजा अंगानं चांगलीच भरली. आणि तिच्यामागे नंबर होता तो डोरथीच्या ग्लिनिसचा. ग्लिनिस दोन वर्षं घरात टोपावरची झाकणं एकमेकांवर आपटत होती. आपल्या पोरीला आधी दिलं असं गावानं म्हणू नये, म्हणून डोरथीनं तिला दोनदा मागे ठेवलं होतं. यंदा तिसऱ्यांदा ठेवायचं कारण नव्हतं. उद्या सव्वीस जानेवारी.

"घाल," डोरथी गौरजाला म्हणाली.

चित्रकलेच्या वर्गात मापासाठी पोरांची रांग लागली होती. गौरजानं खालून वर बटणं लावत नेली. सगळी लागली. श्वासही धरला नव्हता.

"लागली मां?" सुगंधा दारातून म्हणाली. "नियम तुझोच हा गो."

"आणि ह्या काय?" डोरथीनं पट्टीवर बोट ठेवलं.

"कापड थंयच होता. तूच ठेवलंस. माका वाटला, पोरांसाठीच ठेवलंस."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. माझ्या चेडवानं दोन वर्षं वाट बघितली, हे वाक्य डोरथीच्या जिभेवर आलं आणि तिनं ते गिळलं.

बोट अजून पट्टीवरच होतं. त्या बोटाला टाके लागले. हातशिलाईचे, लांब लांब, घाईत घातलेले. नुसतं उभं राहायचं असतं तर टिकले असते. पण झांजा मारायला हात वर गेले, की काखेपासून शिवण उलगडत जाणार, ती उद्या झेंड्यासमोर, अख्ख्या गावादेखत. सुगंधाच्या ते ध्यानात आलेलं नव्हतं. डोरथीनं फक्त गप्प राहायचं होतं. तिला कुणी बोल लावला नसता. फाटलेला कोट दुरुस्तीला तिच्याकडेच आला असता, आणि तिच्याकडून ग्लिनिसच्या अंगावर गेला असता.

ग्लिनिस वर्गात आणून ठेवलेल्या शिलाई मशीनजवळ उभी होती. ती कोटाकडे बघत नव्हती, आईकडे बघत होती.

"काड गो तो कोट," डोरथी म्हणाली.

गौरजाचा चेहरा उतरला. सुगंधा तरातरा आत आली. "कित्या? बटणां लागली न्हय?"

"हात वर केल्यान काय उसवतलो. सगळ्यांसमोर. असो कसो पाठवू तिका?"

सुगंधानं कोट हातात घेतला, टाका ओढून बघितला. तो तिच्या हातातच निघाला. ती बाकावर बसली आणि बसली ती पुन्हा उठली नाही.

डोरथीनं कोट उलटा करून मशीनवर घेतला. सुईचं नेढं तिला हल्ली दिसत नसे. "ग्लिनिस, सुयेत दोरो घाल."

ग्लिनिस जागची हलली नाही. मग आली. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि पहिल्याच खेपेला ओवलं.

"मम्मा, शिवण दोनदा मार," ती म्हणाली. "फुडल्या वर्सा तो माका व्हयो."

दोरा धरलेला तिचा हात अजून सुईपाशीच होता. मागल्या थंडीत घेतलेल्या स्वेटरची बाही मनगटाच्या चार बोटं वर चढली होती. डोरथीनं त्या मनगटाकडे बघितलं. कोटाच्या बाह्यांत सोडायला कापड नव्हतं आणि पुढच्या वर्षी त्या ग्लिनिसला पुरणार नव्हत्या, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"दोनदाच मारतंय," ती म्हणाली आणि मान खाली घालून पायडल मारायला लागली.