तोडगा

गौरवची आई चंपाबाई पहाटे गेली. बौद्धवाडीतून निघालेली तिची तिरडी गावच्या स्मशानशेडपाशी अडली. "तुमची जागा वढ्याकाठी हाय, तिकडं न्या," म्हणत गावातली दहा-बारा माणसं फाटकात उभी राहिली. आठवडाभर पाऊस लागून होता आणि ओढा काठावर आला होता. गौरवने लोणावळ्याला आमदार श्रीपादभाऊंना फोन लावला. शेड त्यांच्याच फंडातली होती, आणि त्यांच्या पहिल्या निवडणुकीत चंपाबाई त्यांच्यासाठी वाड्यावस्त्यांवर अनवाणी हिंडली होती.

भाऊ तासाभरात आले. त्यांनी वाकून चंपाबाईच्या पायांना हात लावला, डोळे पुसले. आता फाटक उघडणार, असं गौरवला वाटलं. भाऊ फाटकातल्या माणसांशी बराच वेळ बोलले आणि परत येऊन त्यांनी गौरवच्या खांद्यावर हात ठेवला.

"आजच्या दिवस ओढ्याकाठी उरकून घे. ताडपत्री धरायला माझी माणसं देतो. पुढच्या वर्षी तुमच्या वाडीला वेगळी शेड बांधू. हिच्यापेक्षा मोठी. आईचंच नाव देऊ."

"मोठी नको, भाऊ. हीच उघडायला सांगा."

भाऊंनी हात काढून घेतला आणि ते गाडीकडे वळले.

ओली लाकडं पेटेपर्यंत दुपार कलली.

पोलीस न बोलावता तंटा मिटवला म्हणून रविवारी गावाने भाऊंचा सत्कार ठेवला. बौद्धवाडीच्या वतीने हार घालायला सरपंचांनी गौरवला बोलावणं धाडलं.