पत्रातल्या कोऱ्या ओळी

"ही जागा का सोडलीस गं?" पागेबाईंनी आठवीतल्या मृण्मयीपुढे तिचा सहामाहीचा पेपर सरकवला. प्रश्न वडिलांना पत्र लिहिण्याचा होता आणि पोरीने दर वाक्यानंतर दोन ओळी कोऱ्या ठेवल्या होत्या. मेसेजच्या नादात पोरांचं लिहिणं तुटक झालंय हे बाई रोज बघत होत्या, पण ही तऱ्हा त्यांनी तीस वर्षांत पाहिली नव्हती.

"तिथे बाबांचं उत्तर येतं ना, बाई. ते मस्कतला असतात. मी एक ओळ पाठवते आणि थांबते."

"मग काय उत्तर येतं?"

"अंगठा." मृण्मयीने स्वतःचा अंगठा वर करून दाखवला. "पुढचं राहूनच जातं."

बाईंनी लाल पेनाला टोपण लावलं आणि तिच्या हातात दोन कोरे कागद ठेवले. "पत्रात बाबांना मधे बोलता येत नाही. सगळं लिही, मगच थांब."

मधली सुट्टी संपेपर्यंत दोन्ही कागद पाठपोट भरले. मृण्मयीने मान वर केली.

"बाई, अजून एक द्या ना. आत्ता कुठे आईच्या दुखण्यापर्यंत आलेय."