सामाईक भिंत

स्वयंपाकघर बघायच्या आधी तिने भिंत वाजवून पाहिली. बोटांच्या पेरांनी, वरपासून खालपर्यंत. भिंत पोकळ बोलली.

दवाखान्यात ती लोकांचे कान तपासायची. कुठला आवाज भिंतीत मरतो आणि कुठला आरपार जातो, हे तिला कुणी सांगायला नको होतं. बारीक आवाज अडतात. जाडे, खोल आवाज अडत नाहीत. ते भिंतीतून, फरशीतून पसरतात आणि नेमके कुठून आले तेही कानाला कळू देत नाहीत. तिच्या लेकीचा आवाज खोल होता.

लेक बाहेर गाडीत होती. शेजारी तिचा बाप, काचा वर करून. शेजाऱ्यांची भेट होईपर्यंत दोघांनी खाली उतरायचं नाही, असं घरूनच ठरवून आले होते. लेक अकरा वर्षांची. बोलत नसे. काही बिनसलं की मात्र एका सुरात ओरडत राही आणि समोर येईल त्यावर थाडथाड हात आपटी. पहिलं घर त्यांना समोरच्यांनी सोडायला लावलं. दुसरं वरच्यांनी, खालच्यांनी आणि समोरच्यांनी मिळून. "आपली प्रगती आहे," नवरा म्हणाला होता. तेव्हा ती हसलीही होती.

ही शहराबाहेरची आखीव वसाहत. सरळ रस्ते, जोडीजोडीने उभी घरं, सगळ्यांची दारं एकाच निळ्या रंगाची. एखाद्या दिवशी मी दुसऱ्याच्या घरी जेवून येईन आणि त्यांनाही कळायचं नाही, असं नवरा म्हणे. पण रस्त्याच्या टोकाला लेकीसारख्या मुलांची शाळा होती. त्यांनी तीन शहरं पालथी घातली होती. अशी शाळा दुसरी नव्हती. शाळेने लेकीला घेतलंही होतं. आता फक्त घर हवं होतं आणि रिकामं घर हे एकच होतं.

वसाहतीचा एक नियम होता. ज्यांच्याशी भिंत सामाईक, त्या शेजाऱ्यांना आधी भेटायचं. त्यांनी हो म्हटलं तरच किल्ली मिळायची. या घरात बिऱ्हाडं टिकत नाहीत, हे ऑफिसातल्या मुलीच्या तोंडून निसटलं होतं. का, ते तिने सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. तसलीच कुणीतरी शेजारीण असणार, चमचा पडला तरी दार ठोठावणारी.

ती शेजारीण आता दारात उभी होती. साठीची, शिडशिडीत, कपड्यांना कडक इस्त्री. काकू म्हणा, असं म्हणाली, पण बसली नाही. भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

घरात कोण कोण, काकूंनी विचारलं. आम्ही तिघं, आम्ही दोघं आणि मुलगी. मुलगी दिसत नाही? गाडीत झोपली आहे, तिने सांगितलं. फार शांत पोर आहे हो. काकूंनी मान हलवली. दोन्ही हात एकमेकांत घट्ट गुंतवलेले होते.

"तुमची झोप कशी आहे? सावध आहे का?"

परीक्षाच होती ही. तिने श्वास घेतला.

"टाचणी पडली तरी जाग येते मला. म्हणून तर इकडे यायचं म्हणतोय. आवाज म्हणून खपत नाही आम्हाला."

काकूंचा चेहरा उतरला. तिला वाटलं, कमी पडलं. मग ती बोलत सुटली. मागच्या घरी वरच्यांकडे सारखी धाडधाड चालायची. शेवटी आम्ही तक्रार केली. माणसांनी जरा दुसऱ्याचा विचार करायला नको का? ज्यांना जमत नाही त्यांनी रानात जाऊन राहावं. तिच्या लेकीबद्दल जे जे बोललं गेलं होतं, ते शब्द न शब्द ती स्वतःच्या तोंडाने बोलत होती. तिला थांबता येईना.

"मग हे घर तुमच्यासाठी नाही," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "मी ऑफिसात तसं सांगते."

ओळखलं हिने, तिच्या मनात आलं. येताना गाडीत डोकावली असणार. तिने टेबलाची कड धरली.

तेवढ्यात तो आवाज आला.

एका सुरातला, खोल. मागोमाग थाड, थाड. पायाखालची फरशी थरारली. तो आवाज तिने हजारांत ओळखला असता. लेक जागी झाली होती आणि आता लपवण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

"माझी मुलगी आहे ती," ती खिडकीकडे धावत म्हणाली. "खोटं बोलले मी, काकू. ओरडते ती. रात्रीही ओरडते. पण ही शाळा सोडून तिला जागा नाही हो कुठे. पाया पडते तुमच्या, नाही म्हणू नका."

तिने पडदा बाजूला ओढला.

गाडी तिथेच उभी होती. काचा वर. लेक काचेला गाल लावून गाढ झोपली होती आणि तिचा बाप तिच्या चेहऱ्यावर ऊन येऊ नये म्हणून हात आडवा धरून बसला होता.

थाड. थाड.

ती सावकाश मागे वळली. काकूंनी भिंतीकडे तोंड केलं होतं. रडणाऱ्या मुलाच्या पाठीवर ठेवावेत तसे दोन्ही तळवे भिंतीवर टेकवले होते.

"ती नाही," काकू म्हणाल्या. "माझा आहे तो."